रक्तातले पोटॅशियम : जंगलभागातल्या घरांनी काय सांभाळावे

रक्तात पोटॅशियम वाढले की दुखत नाही. ताप येत नाही, अंगावर काही उमटत नाही. माणूस जेवतो, बोलतो, कधी स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चालत येतो आणि पुढच्या काही तासांत त्याचे हृदय थांबू शकते. पाय जड वाटणे, हातापायांतली ताकद जाणे, तोंडाभोवती किंवा बोटांना मुंग्या येणे, मळमळ, छातीत धडधड, नाडी मंद होणे अशी काही लक्षणे सांगितली जातात खरी. पण ती पुष्कळदा उशिरा येतात, पुष्कळदा येतच नाहीत, आणि आली तरी मेच्या उन्हात कामावरून परतलेल्या कुणालाही पाय जड वाटतातच. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. आपल्या घरात हा धोका कुणाला आहे ते आधीच ओळखून ठेवावे.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी ही गोष्ट जास्तच महत्त्वाची आहे. पोटॅशियम वाढवणारी कारणे इथे आजूबाजूलाच आहेत : कडक ऊन, हिवताप, साप, सिकलसेल, कोळशाच्या खाणी. रक्त तपासणारी प्रयोगशाळा आणि डायलिसिसचे यंत्र मात्र कित्येक गावांपासून लांब. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय गाठायला दोनशे किलोमीटरहून अधिक रस्ता कापावा लागतो. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांना तर डांबरी रस्त्याला लागण्याआधीच नाले ओलांडायचे असतात. शहरात दोन तासांत कळते ते इथे दुसऱ्या दिवशी कळते.

आधी आकडे. रक्तातले पोटॅशियम लिटरला साधारण ३.५ ते ५.० मिलिइक्विव्हॅलंट असावे. रिपोर्टवर ‘सिरम पोटॅशियम’ किंवा नुसते ‘के’ असे लिहिलेले असते. ५.५ च्या वर गेले की ते वाढलेले समजतात. ६ च्या वर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. ६.५ च्या वर गेले तर घरी थांबायचे नाही, मग रुग्ण कितीही ठणठणीत दिसो. ज्यांची मूत्रपिंडे वर्षानुवर्षे कमजोर आहेत त्यांचे शरीर थोड्या वाढीव पातळीला सरावलेले असते; एकाएकी झालेली वाढ मात्र कमी आकड्यालाही घातक ठरते.

शरीरातल्या एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असते. रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात उरते ते जेमतेम दोन टक्के. आत खूप आणि बाहेर थोडे, या फरकावरच मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचे ठोके चालतात. बाहेरची पातळी वाढली की हा फरक बिघडतो. मग हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात आणि शेवटी थांबतात.

वाढ होण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला, पोटॅशियम बाहेर टाकणे बंद पडणे. रोज खाल्लेल्या पोटॅशियमपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मूत्रपिंडे लघवीवाटे टाकतात, उरलेले शौचावाटे जाते. मूत्रपिंडे थकली की साठा वाढतो. दुसरा, पेशी फुटून किंवा पेशींतून निघून आतले पोटॅशियम रक्तात येणे. स्नायू चिरडले, लाल पेशी फुटल्या, मधुमेहाच्या रुग्णाचे इन्सुलिन बंद पडून रक्त आम्लधर्मी झाले की असे होते. आपल्या भागातले बरेचसे आजार हे दोन्ही एकदम करतात. हिवताप लाल पेशी फोडतो आणि मूत्रपिंडही बिघडवतो. उष्माघातात स्नायू विरघळतात आणि लघवीही आटते.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्याबद्दल विनाकारण भीती पसरते. मूत्रपिंडे धडधाकट असतील तर केळी, शहाळे, डाळ-भाजी खाऊन पोटॅशियम धोकादायक पातळीला जात नाही. पथ्य आहे ते कमजोर मूत्रपिंडांच्या माणसाला. घरातल्या एकाला डॉक्टरांनी केळे बंद केले म्हणून पोरांचे केळे बंद करू नका.

लघवी मोजा

पोटॅशियम घरी मोजता येत नाही, लघवी मात्र मोजता येते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा. उलट्या-जुलाब, कडक ताप, ऊन लागणे, साप चावणे किंवा अंगावर जड वस्तू पडणे, यांपैकी काहीही झाले की रुग्णाला एक लिटरच्या जुन्या पाण्याच्या बाटलीत किंवा खुणा केलेल्या डब्यात लघवी करायला सांगा आणि चोवीस तासांत किती झाली ते कागदावर लिहा. मोठ्या माणसाची लघवी दिवसभरात अर्ध्या लिटरपेक्षा कमी भरली, किंवा पाणी पिऊनही सात-आठ तासांत झालीच नाही, तर मूत्रपिंडांवर ताण आला आहे असे समजा. रंगही पाहा. कोऱ्या चहासारखी, काळपट तांबूस लघवी म्हणजे लाल पेशी किंवा स्नायू फुटल्याची खूण. अशा वेळी बाटली डोळ्यांनी बघायला डॉक्टरांकडे घेऊन गेलात तरी चालेल, लाज बाळगू नका.

या कसोटीला एक अपवाद आहे, तो सिकलसेलचा. त्याबद्दल पुढे.

उन्हाळा, तेंदूपत्ता आणि खिशातल्या गोळ्या

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची नावे देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत वरचेवर येतात. पारा ४५ अंशांच्या वर जातो. नेमका तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे रानात शिरायचे, पाने तोडायची, दुपारी घरी बसून पुडके बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. त्याआधी मार्चपासून मोह वेचणे. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर, सास्ती भागात खाणींतले काम, वीटभट्ट्या, रस्त्याची कामे. अंगातले पाणी घामावाटे जाते, लघवी घट्ट आणि थोडी होते, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी पडते.

एवढ्यावर तरुण, निरोगी माणूस निभावून नेतो. पंचावन्न-साठीतल्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या बाईचे काय होते ते पाहा. तिच्या गोळीचे नाव टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल असेल. ही औषधे चांगली आहेत, पण मूत्रपिंडांना पोटॅशियम टाकायला लावणाऱ्या संप्रेरकाचा जोर ती कमी करतात. सोबत लघवीची गोळी असेल. दिवसभर वाकून पाने तोडल्यावर कंबर धरते, म्हणून संध्याकाळी ती दुकानातून दुखण्याची गोळी आणते, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा निमेसुलाइड. किंवा गावात येणाऱ्या बिनडिग्रीच्या माणसाकडून इंजेक्शन घेते, आणि त्यातही बहुधा डायक्लोफिनॅकच असते. रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी, दुखण्याची गोळी आणि आटलेले अंग : यातून दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे अचानक बंद पडू शकतात आणि पोटॅशियम चढते. प्रत्येक औषध वेगवेगळ्या माणसाने दिलेले असते, म्हणून ही बेरीज कुणाच्याच लक्षात येत नाही. ती घरच्यांनीच करायला हवी.

अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घ्या, तेही मापात. उन्हाळ्यात आणि हगवणीत वर सांगितलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळा. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर त्या बाराही महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका. सूज उतरवण्यासाठी किंवा यकृताच्या आजारात पोटातले पाणी कमी करायला देतात ती स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम धरून ठेवते. कोट्रायमोक्झाझोल हे स्वस्त प्रतिजैविकही पोटॅशियम वाढवते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यांपैकी काही चालू असेल तर नवे औषध घेताना जुन्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. नावे पाठ नसतात, रंग सांगून उपयोग नसतो.

आता याची दुसरी बाजू तितक्याच जोराने सांगायला हवी. हे वाचून कुणी रक्तदाबाची गोळी बंद करू नये. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास करून २०१५ साली दाखवून दिले की तिथे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे होते. साधारण सातातला एक मृत्यू त्याने होत होता. वाढलेला रक्तदाब हे पक्षाघाताचे मोठे कारण. म्हणजे या गोळ्यांनी वाचणारे जीव पुष्कळ आहेत. करायचे ते एवढेच : गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन आठवड्यांच्या आसपास क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासून घ्यायचे, पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा नक्की. शिवाय डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचे की उलट्या-जुलाब लागले, खाणे-पिणे सुटले तर कोणत्या गोळ्या तेवढे दिवस थांबवायच्या आणि पुन्हा कधी सुरू करायच्या. हे उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. रात्री दोन वाजता जुलाब लागतात तेव्हा विचारायला कुणी नसते.

जलसंजीवनीबद्दल गोंधळ होतो. ओआरएसच्या पाकिटात पोटॅशियम असते, लिटरला २० मिलिइक्विव्हॅलंट. जुलाबात ते शरीराबाहेर गेलेले असते, म्हणूनच पाकिटात घातलेले आहे. ज्याची मूत्रपिंडे चांगली आहेत त्याने उन्हात आणि जुलाबात ओआरएस जरूर प्यावे. न पिण्याने होणारे नुकसान किती तरी मोठे. डायलिसिसवर असलेल्याने किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्याने मात्र त्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

हिवताप, साप

महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. फाल्सिपेरम जातीचा हिवताप अंगावर काढला तर लाल पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात, काळी लघवी होते, मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून तापाच्या पहिल्याच दिवशी आशाताईकडून रक्ताची तपासणी करून घेणे हा पोटॅशियमवरचाही उपाय आहे. व्हायवॅक्स जातीच्या तापाला चौदा दिवसांचा प्रायमाक्विनचा कोर्स देतात. काही लोकांच्या लाल पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते, त्यांच्या पेशी या औषधाने फुटतात. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर पुढची गोळी न घेता लगेच आरोग्य केंद्रात जा.

सापांपैकी इथे सांगायचे ते घोणसाबद्दल. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते, त्याचा परिणाम त्यामानाने लवकर दिसतो. घोणसाचे विष रक्त गोठू देत नाही आणि मूत्रपिंडांवरही घाव घालते. प्रतिविष वेळेवर मिळाले, रक्तस्राव थांबला, रुग्ण उठून बसला की घरचे सुटकेचा श्वास टाकतात. मूत्रपिंडांचे नुकसान मात्र त्यानंतरही एक-दोन दिवसांनी उघड होऊ शकते आणि प्रतिविषाने ते भरून येत नाही. धानाच्या बांधीत साप चावलेला माणूस तिसऱ्या दिवशी घरी येतो, पायावर सूज असते म्हणून लघवीकडे कुणाचे लक्ष जात नाही, आणि पाचव्या दिवशी तो कोसळतो. हे टाळता येते. सुटी होण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासले का, हे विचारा. घरी आल्यावर आठवडाभर लघवी मोजा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा रक्त तपासा. सूज दुखते म्हणून डायक्लोफिनॅक देऊ नका.

चिरडण्याच्या अपघाताबद्दल थोडक्यात. खाणीत दरड, जंगलात झाड, पावसाळ्यात मातीची भिंत अंगावर पडून पाय किंवा मांडी तास-दोन तास दबून राहिली, तर त्या स्नायूंतले पोटॅशियम रक्तप्रवाह सुरू होताच एकदम हृदयाकडे धावते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले तेव्हा ढिगाऱ्यातून जिवंत, बोलत्या अवस्थेत बाहेर काढलेली माणसे नंतर दगावत होती. १९४१ मध्ये बायवॉटर्स या डॉक्टरांनी ते वर्णन करून ठेवले. माणूस अडकलेला दिसताच १०८ ला फोन करा, बाहेर काढण्याचे काम थांबवू नका, आणि आरोग्यपथक जागेवर असेल तर काढतानाच त्यांना सलाइन सुरू करू द्या. डॉक्टरांना सर्वांत आधी सांगायची गोष्ट म्हणजे तो किती वेळ दबलेला होता. हाड मोडलेले नाही, म्हणून त्याला घरी नेऊ नका.

सिकलसेलच्या घरांसाठी

विदर्भाच्या पूर्व भागात सिकलसेल नवा नाही, आणि गोंड, माडिया समाजांसह इथल्या अनेक समाजांत तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, २०४७ हे त्याचे लक्ष्यवर्ष. तपासण्या होतात, कार्डे मिळतात, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मिळतात. लोक हिमोग्लोबिन विचारतात, वेदनेबद्दल बोलतात. मूत्रपिंडांचा विषय मात्र मागे पडतो, आणि तो पडू नये असे मला मनापासून वाटते.

विळ्याच्या आकाराच्या पेशी मूत्रपिंडाच्या आतल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या अडवतात. तिथला भाग हळूहळू निकामी होतो. तो भाग दोन कामे करतो : पाणी वाचवून लघवी घट्ट करणे आणि पोटॅशियम बाहेर टाकायला मदत करणे. म्हणून सिकलसेलच्या मुलाला भरपूर, पातळ लघवी होते, रात्री दोनदा उठावे लागते, आणि तरी पोटॅशियम साठू शकते. लघवी भरपूर आहे म्हणजे सगळे ठीक आहे, हा नियम इथे लागू पडत नाही. हाच तो अपवाद. पाणी वाचवता येत नसल्याने अशी मुले उन्हात लवकर आटतात. वेदनेचा झटका आला की लाल पेशी फुटतात. वेदनेसाठी डायक्लोफिनॅक दिले जाते. लघवीतून प्रथिने जाऊ लागली की डॉक्टर योग्य कारणाने एनालाप्रिलसारखी गोळी देतात, तीही पोटॅशियम थोडे वाढवते.

आणखी एक अडचण रिपोर्ट वाचण्याची. क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होते. चाळीस किलो वजनाच्या, हडकुळ्या माणसाच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे मूत्रपिंडे बरीच बिघडली तरी त्याचे क्रिएटिनिन १.१ किंवा १.२ येऊन रिपोर्टवर ‘नॉर्मल’ दिसते. सिकलसेलचे रुग्ण, कुपोषित माणसे, वयस्कर बाया या सगळ्यांना हे लागू आहे. आधीचा आकडा ०.५ असेल आणि आता १.१ झाला असेल तर काम निम्म्यावर आले, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नका. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतले अल्ब्युमिन या तीन तपासण्या सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाच्या व्हाव्यात, आणि त्या मागून घ्याव्यात.

क्षार, मीठ, भाजी

लघवी कमी झाली की गावात लघवी ‘सुटायचे’ औषध शोधले जाते. त्यात क्षार असतात. जवाच्या राखेपासून केलेला यवक्षार, आघाड्याचा क्षार, सोराखार. वनस्पतीच्या राखेत पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात, आणि सोराखार म्हणजे तर पोटॅशियम नायट्रेटच. निरोगी माणसाला थोड्या मात्रेत दिलेल्या औषधाबद्दल मी इथे बोलत नाही. ज्याची लघवी मूत्रपिंड बिघडल्यामुळे कमी झाली आहे, त्याच्या पोटात पोटॅशियमचा क्षार घालणे म्हणजे आगीत तेल ओतणे. पुजारी, वैदू, वैद्य कुणाकडेही जा, पण मूत्रपिंडाचा आजार आहे हे त्यांना सांगा आणि क्षार किंवा अनोळखी काढा घेऊ नका. या जंगलाच्या वनौषधींचे ज्ञान खरे आहे आणि मला त्याचा आदर आहे; मात्र कोणत्या पाल्यात किती पोटॅशियम, हे रक्त तपासल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

‘लो सोडियम’ मिठाचेही असेच. त्यात सोडियम कमी करण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली, पण मूत्रपिंडाच्या रुग्णांना त्यातून वगळले. त्यांनी साधे मीठच कमी खावे.

मूत्रपिंड कमजोर असलेल्यांच्या जेवणाबाबत आपला भाग एका दृष्टीने सुदैवी आहे. भातात पोटॅशियम फार थोडे असते, आणि इथले मुख्य अन्न भातच. सांभाळायचे ते बाकीचे. शहाळ्याचे पाणी, केळी, चिकू, सीताफळ, फणस, खजूर, बटाटा, रताळे, कोचई, टमाटर, पालेभाज्या, डाळी, साखरेऐवजी घातलेला गूळ. वाळवलेल्या पदार्थांत पाणी उडून पोटॅशियम एकवटते, म्हणून खारीक, मनुका, आमचूर हे मूठभरही जास्त. कमरख तर मूत्रपिंडाच्या रुग्णाने अजिबात खाऊ नये; त्यातल्या विषारी द्रव्याने मेंदूवर परिणाम होऊन उचकी, गोंधळ, झटके येतात. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत प्रेमाची आहे, पण डायलिसिसच्या रुग्णाकडे ते नेऊ नका. सफरचंदाची एखादी फोड, पपईचा छोटा तुकडा, पेरूची एखादी चकती हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील त्या मापात चालते.

भाजी सोडायची गरज नसते, ती शिजवण्याची रीत बदलायची असते. पोटॅशियम पाण्यात विरघळते. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकून द्यायचे आणि मग फोडणी द्यायची. आपल्याकडे हे नवीन नाही. वास्ते (बांबूचे कोंब) उकळून पाणी टाकल्याशिवाय कुणी खात नाही, लाखोळीची डाळ भिजवून पाणी टाकायची शिकवण लॅथिरिझमच्या, म्हणजे पाय लुळे पडण्याच्या, भीतीने रुजली. तरोटा, अंबाडी, बटाटा, कोचई यांना तोच नियम लावा. त्या पाण्याचे सार करू नका, वरणाचे वरचे पाणी रुग्णाला देऊ नका. डाळ मात्र पूर्ण तोडू नका. डायलिसिसवर असलेल्याला प्रथिने लागतातच. आणि शौचाला साफ होऊ द्या. मूत्रपिंडे थकली की आतड्यांतून जाणाऱ्या पोटॅशियमचा वाटा वाढतो, बद्धकोष्ठतेने तोही अडतो.

रिपोर्ट खोटा असेल तर?

असतोही. रक्त काढताना दंडावर पट्टा फार वेळ घट्ट राहिला, मूठ वारंवार आवळायला लावली, बारीक सुईतून जोराने ओढले, नमुना दिवसभर गाडीत हादरला किंवा सिरम वेगळे न करताच फ्रिजमध्ये राहिला, तर नळीतल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर येते आणि अंगात ४.५ असताना कागदावर ६.२ छापले जाते. गावातून नमुना तालुक्याला आणि तिथून शहराला जातो तिथे ही शक्यता मोठी. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का, पाहा. माणूस बरा असेल, मूत्रपिंडाचा आजार नसेल, वर सांगितलेल्या गोळ्या चालू नसतील, तर त्याच दिवशी ईसीजी काढून नमुना पुन्हा द्यावा. पण मूत्रपिंडाचा रुग्ण, साप चावलेला, काळ्या लघवीचा किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल तर तो आकडा खराच धरायचा, आणि दुसऱ्या रिपोर्टची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

ईसीजीचे महत्त्व इथे फार आहे. जिथे पोटॅशियमची तपासणी होत नाही अशा अनेक ठिकाणी ईसीजीचे यंत्र असते. पोटॅशियम वाढले की त्यातली ‘टी’ लहर उंच आणि टोकदार होते, पुढे पट्टीवरच्या आकृत्या रुंदावतात. ईसीजी चांगला आला म्हणजे धोका नाहीच असे म्हणता येत नाही, पण बिघडलेला आला तर लगेच उपचार सुरू करता येतात.

हे उपचार नागपुरातच होतात असे नाही. शिरेतून सावकाश दिलेले कॅल्शियम ग्लुकोनेट काही मिनिटांत हृदयाला सावरते. पोटॅशियम त्याने उतरत नाही, पण अर्धा-पाऊण तास हाताशी येतो. ग्लुकोजसोबत इन्सुलिन दिले की पोटॅशियम पेशींच्या आत ढकलले जाते आणि चार ते सहा तास मिळतात. दम्यासाठी वापरतात त्या साल्ब्युटामॉलची मोठ्या मात्रेतली वाफही तेच काम करते. ही सगळी स्वस्त, ओळखीची औषधे आहेत आणि ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर देता येतात. म्हणून ६.५ चा रिपोर्ट हातात घेऊन थेट खासगी गाडी करून दीडशे किलोमीटर निघू नका. वाटेवरच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी थांबा, ईसीजी आणि पहिले उपचार होऊ द्या, तिथून १०८ च्या रुग्णवाहिकेने पुढे जा. त्या चार-सहा तासांत जिथे डायलिसिस होते तिथे पोहोचायचे.

डायलिसिस चालू असलेल्यांचा पावसाळा

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिसचा खर्च मिळतो. पैशाचा प्रश्न त्यामुळे पूर्वीइतका राहिला नाही. रस्त्याचा राहिला आहे. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या येतात. नाल्यांपलीकडच्या कितीतरी गावांची तर बातमीही होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागणाऱ्याची एक खेप चुकली की पोटॅशियम वाढते, दोन चुकल्या की जिवावर बेतते.

अशा घरांनी मृगाच्या आधीच ठरवून टाकावे की रुग्ण आणि सोबतचा एक माणूस पावसाळ्याचे दोन महिने डायलिसिस केंद्र असलेल्या गावी, नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहील. ते अजिबात जमत नसेल तर पोटॅशियम आतड्यात बांधून शौचावाटे काढणारी पावडर मिळते, कॅल्शियम पॉलिस्टायरिन सल्फोनेट हे तिचे नाव. ती कधी, किती घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि आठवड्याभराची पाकिटे जूनमध्येच घरी आणून ठेवा. पुराचे पाणी चढू लागले की त्या दिवसापासून डाळ-भाजीचे माप निम्मे, भाजी उकळून पिळलेलीच, फळ बंद, बाकी भात. अंगाला सूज येऊ नये म्हणून पाणीही मोजून. आशाताईला आणि आरोग्य केंद्राला आपल्या घरात डायलिसिसचा रुग्ण आहे आणि पुढची तारीख कोणती, हे पावसाआधीच सांगून ठेवा, म्हणजे पूर येण्याचा इशारा मिळाला की एक दिवस अलीकडेच त्याला पलीकडे नेता येईल.